वाचनालयात सोडलेलं पाणी

त्या मंगळवारी माझी दुसरी पाळी होती. दुपारी तीनपर्यंत मोकळी होते, म्हणून सकाळी नऊच्या सुमाराला पुस्तक बदलायला निघाले. वाचनालयाच्या पायरीवर आमच्या ग्रंथपाल बाई उभ्या होत्या. साडी पोटरीपर्यंत खोचलेली, चपला बाजूला काढून ठेवलेल्या, आणि हातात उघडलेलं कुलूप. मला बघून त्या म्हणाल्या, "आत येऊ नका. शॉक बसेल. आधी मेन स्विच बंद करायला माणूस बोलावलाय."

मी दारातून डोकावले. उंबरा उंच, त्यामुळे पाणी आतच साचलं होतं. पुढच्या अभ्यासिकेत प्लास्टिकच्या खुर्च्यांचे पाय बुडाले होते. मागच्या खोलीत, जिथे पुस्तकं असतात, तिथे तर पुस्तकंच तरंगत होती. मुलांच्या विभागातली पातळ, रंगीत पुस्तकं पालथी पडून फुगली होती. दिवाळी अंकांचे बांधीव गठ्ठे खालच्या फळीवर होते. ते पाणी पिऊन इतके फुगले होते की फळीच वर उचलली गेली होती. आणि सगळ्यात वरच्या फळीवरच्या पुस्तकांमधूनही पाणी ठिबकत होतं.

ते ठिबकणं मी आजही विसरत नाही. नळ फुटला तर पाणी खालून चढतं. सात फूट उंचीच्या फळीवर ते आपोआप जात नाही. कुणीतरी पाणी वर मारलं होतं, एका कपाटावरून दुसऱ्या कपाटावर, सावकाश, पद्धतशीर.

आमचं वाचनालय डांगे चौकातून आत वळलं की तिसऱ्या गल्लीत आहे. जागा गावातल्या एका जुन्या घराण्यानं दिलेली. कारभार आमच्या वस्तीतल्या लोकांचं एक मंडळ बघतं. मी लग्न होऊन लातूरकडून थेरगावात आले तेव्हा नवरा कंपनीत, सासू आजारी, आणि मला रस्ता ओलांडायचीसुद्धा भीती. एकटीनं जायला परवानगी असलेल्या जागा दोनच: मंदिर आणि हे वाचनालय. वाचनालयाचं कार्ड हा या शहरात माझ्या एकटीच्या नावाचा पहिला कागद. रेशन कार्डावर मी कुणाची तरी बायको होते, इथे फक्त वाचक होते. पुढे भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये रबरी सील तपासायच्या कामाला लागले, पण दर गुरुवारी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, मी न चुकता वाचनालयात जात असे. म्हणून त्या सकाळी मला जे वाटलं त्याला दुःख म्हणणं खोटं होईल. मला संताप आला.

अर्ध्या तासात गल्ली भरली. कुणी व्हिडिओ काढत होतं, कुणी "अरे देवा" करत होतं. आणि मग मंडळातले साहेब आले.

साहेबांची ओळख करून द्यायला हवी. वाचनालयाच्या बरोबर मागे त्यांचा बंगला. एका मोठ्या कंपनीतून ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले, पांढराशुभ्र शर्ट, सावकाश बोलणं. सगळी गल्ली त्यांना साहेबच म्हणते. मंडळाच्या सभेत शेवटचा शब्द त्यांचा असायचा. त्यांची एक तक्रार मात्र जुनी होती. अभ्यासिकेत येणारी मुलंमुली गल्लीत दुचाकी लावतात, त्यामुळे त्यांची गाडी बाहेर काढायला त्रास होतो. "ही सगळी बाहेरची पोरं," ते म्हणायचे. "आपलं वाचनालय आपल्या लोकांसाठी आहे."

बाहेरची पोरं म्हणजे परभणीची, बीडची, नांदेडची. एका खोलीत चौघं राहणारी, तिथे टेबलाला जागा नाही म्हणून इथे येऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीची मीच म्हणायची.

साहेबांनी दारातून आत पाहिलं, मान हलवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "रविवारी संध्याकाळी किल्ली कुणाकडे होती?"

सोमवारी वाचनालय बंद असतं. रविवारी अभ्यासिका मुलंच आळीपाळीनं बंद करतात. ग्रंथपाल बाईंनी वही पाहिली. त्या रविवारी कुलूप लावून किल्ली बाईंच्या घरी पोचवली होती ती परभणीकडच्या एका मुलीनं. ती पोलीस भरतीची तयारी करत होती. वय तेवीसच्या आसपास. सकाळी मैदानावर धावायची, दुपारी एका गोडाउनमध्ये पॅकिंग करायची, संध्याकाळी इथे. बोलायला फटकळ.

आणि रविवारीच तिचं साहेबांशी वाजलं होतं. साहेब अभ्यासिकेत येऊन म्हणाले होते की पुढच्या महिन्यापासून बाहेरच्यांसाठी ही खोली बंद. बाकीची मुलं खाली मान घालून बसली. ती उठून म्हणाली होती, "बंद करून बघाच."

तिच्या बोलण्याचा अर्थ सरळ होता: आम्ही सगळे मिळून विरोध करू. मंगळवारच्या सकाळपर्यंत त्या तीन शब्दांची धमकी झाली. कुलूप तुटलेलं नाही, किल्ली हिच्याकडे होती, संडासातल्या नळाला पाइप लावायला कितीसा वेळ लागतो, आणि जाताना हिनं सगळ्यांसमोर धमकी दिली. हिशेब जुळला. कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही.

ती अकराच्या सुमाराला आली, काय झालंय ते तिला माहीतही नव्हतं. गर्दी बघून धावत आली. "काय झालं हो? आग लागली का?"

"आता नाटक करू नकोस," एक बाई म्हणाली. ही बाई दर वर्षी हळदीकुंकवाला मला हात धरून बसवायची.

ती गोंधळून एकेकाकडे बघायला लागली. "मी कुलूप लावून गेल्ते ना. किल्ली बाईंच्या घरी दिली. विचारा की त्यांना." मग तिची नजर माझ्यावर आली. "काकू, मी कशाला करू हो असं? माझी स्वतःची पुस्तकं आहेत ना आत."

खरंच होती. तिची गाईडं, हातानं लिहिलेल्या नोट्स, सगळं अभ्यासिकेच्या खालच्या कप्प्यात होतं आणि त्याचा लगदा झाला होता. मी ते पाहिलं होतं. मी काहीच बोलले नाही.

हवालदार आले. पंचनामा झाला. त्यांनी आम्हा पाच-सहा जणांचे जबाब घेतले. मला विचारलं, "तुम्ही नेहमी येता. मुलगी कशी आहे?" आणि मी म्हणाले, "तशी चांगली आहे, पण जरा भांडखोर आहे."

एवढंच. त्यांनी ते लिहून घेतलं. मी सही केली. तिला चौकीवर नेलं आणि संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. मी तीनच्या पाळीला गेले आणि रबरी सील तपासत बसले. पोलीस भरतीत शेवटी चारित्र्य पडताळणी असते. नावावर एक गुन्हा चढला की सगळं धावणं, सगळं पाठांतर वाया. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी ते वाक्य बोलले होते.

त्या रात्री गल्लीच्या ग्रुपवर साहेबांचा मेसेज आला. अशा प्रवृत्तींना जरब बसली पाहिजे, आणि सुरक्षेच्या कारणास्तव अभ्यासिका अनिश्चित काळासाठी बंद ठेवावी. खाली ओळीनं हात जोडलेले.

गुरुवारी माझी सुट्टी होती. मी आणि ग्रंथपाल बाई सकाळपासून वाचनालयाच्या गच्चीवर पुस्तकं वाळवत होतो. सुतळ्या बांधून त्यांवर पातळ पुस्तकं कपड्यांसारखी टाकली होती, जाड पुस्तकं उभी करून पानं पंख्यासारखी मोकळी केली होती. बुधवारी बाईंनी एकटीनं वाळत घातलेली पुस्तकं कडक झाली होती. एक उचललं तर पानांच्या कडांवर पांढरं काहीतरी दिसलं. आधी वाटलं बुरशी आहे. बोटानं घासलं तर पिठासारखं सुटलं.

घर चालवणाऱ्या बाईला हा पांढरेपणा ओळखायला वेळ लागत नाही. माहेरी, लातूरकडे, स्टीलच्या तांब्यावर, गॅसवरच्या पातेल्यात, न्हाणीच्या फरशीवर मी तो वर्षानुवर्षं घासलाय. मी जीभ लावून बघितली. खारट, तुरट.

"बाई," मी म्हणाले, "आपल्या टाकीत कुठलं पाणी येतं?"

"नळाचं. दुसरं कुठलं?"

"नळाच्या पाण्याचा असा थर बसत नाही. हे बोअरचं पाणी आहे."

आमच्या वाचनालयाला बोअर नाही. गल्लीत एकाच घरी बोअर आहे. आम्ही दोघी गच्चीच्या मागच्या कठड्याशी गेलो आणि खाली पाहिलं. साहेबांच्या मागच्या अंगणात गुलाबाच्या कुंड्या होत्या. कुंड्यांच्या मागे, भिंतीला टेकवून, काचेच्या तीन लांब पट्ट्या नीट एकावर एक ठेवल्या होत्या. आमच्या मागच्या खिडकीच्या पट्ट्या. तिथल्या एक-दोन पट्ट्या नेहमीच निखळायच्या, म्हणून मंगळवारी त्या फटीकडे कुणी लक्षच दिलं नव्हतं.

बाई खालच्या आवाजात पट्ट्या मोजायला लागल्या. मला मात्र तेव्हा जो राग आला तसा आयुष्यात आला नव्हता. त्यात साहेब होते आणि मीही होते.

आम्ही दोघींनीच जायचं नाही असं ठरवलं. ज्या घराण्यानं जागा दिली त्यातले आजोबा जवळच राहतात. ऐंशीच्या पुढचे, कानानं कमी, पण ताठ. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "चला."

साहेब व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. आम्हाला बघून हसले. "या, या. कितपत वाचली पुस्तकं?"

आजोबांनी काही प्रस्तावना केली नाही. "सायेब, वाचनालयाच्या खिडकीच्या पट्ट्या तुमच्या अंगणात कशा आल्या?"

साहेबांचा चेहरा बदलला, पण क्षणभरच. "पडल्या असतील. माझ्या मुलाला विचारतो."

मी म्हणाले, "पडलेल्या काचा फुटतात. या रचून ठेवल्यात. आणि पुस्तकांवर तुमच्या बोअरचे क्षार आहेत."

"पुरावा आहे?" त्यांनी विचारलं. आम्ही नुसते उभे राहिलो. कदाचित त्या उभं राहण्यानंच त्यांचा तोल गेला असेल. हातातला पेपर त्यांनी टेबलावर आपटला.

"दोन वर्षं सांगतोय मी! किती अर्ज दिले मंडळाला. माझ्या दारात गाड्या, माझ्या भिंतीला टेकून पोरं मोबाइलवर बोलतायत, हसतायत. कुणी ऐकलं? शेवटी काहीतरी करायला लागलं. थोडे दिवस बंद पडावं, एवढाच हेतू होता. पाणीच सोडलं ना? आग नाही लावली मी."

आग नाही लावली. जणू आम्ही त्यांचे आभार मानायला हवे होते.

ग्रंथपाल बाई रडत होत्या. त्या रडत रडतच म्हणाल्या, "आणि त्या मुलीला चौकीवर नेलं तेव्हा तुम्ही पायरीवर उभे होता."

साहेब म्हणाले, "तिला काही झालं नाही. सोडलंच ना तिला."

आजोबांनी काठी फरशीवर टेकवली. "आमच्या बापानं जमीन दिली ती गरिबाच्या लेकरानं शिकावं म्हणून. तुमची गाडी निघावी म्हणून न्हाई."

त्याच दुपारी आम्ही तिघं चौकीवर गेलो आणि लेखी जबाब दिले. मला वाटलं, आता गल्ली पेटेल. मंगळवारी एका तेवीस वर्षांच्या मुलीला आत टाका म्हणणारी तीच माणसं आता त्यांच्या बंगल्यापुढे जाऊन जाब विचारतील.

शुक्रवारी सकाळी माझ्याच दारात माणसं आली.

"वहिनी, वय झालंय त्यांचं. बीपीचा त्रास आहे."

"माणूस चांगला आहे हो. एक क्षण डोकं फिरलं."

एक क्षण! अख्खा सोमवार त्यांनी पाइप धरून ठेवला होता. मी तसं म्हणाले तर मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "ताई, तुम्ही जबाब थोडा सौम्य करा. चुकून पाणी गेलं असं म्हणता येईल. आपसात मिटवू. ते सगळी पुस्तकं भरून देणार आहेत."

"मुलीच्या वेळी आपसात मिटवायचं का नाही सुचलं तुम्हाला?"

अध्यक्षांनी खांदे उडवले. "ती काय, आज आहे, उद्या गावी जाईल. आपल्याला इथे राहायचंय."

मी दार लावून घेतलं. आत येऊन बघते तर नवराही तेच म्हणायच्या तयारीत. "कशाला वाईटपणा घेतेस? शेजार आहे." मी त्याला म्हणाले, तू परभणीचा असतास तर? तो म्हणाला, मी बार्शीचा आहे. बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं, तोही बाहेरचाच.

गुन्हा नोंदला गेला, पण कोर्टाची तारीख पुढे पुढे जाते आहे. साहेब आजही सकाळी पांढऱ्या शर्टात फिरायला जातात आणि लोक त्यांना नमस्कार करतात. त्यांच्या मुलानं टेम्पो भरून नवी पुस्तकं पाठवली. दोन महिन्यांनी वाचनालय पुन्हा उघडलं तेव्हा मंडळानं छोटा कार्यक्रम ठेवला. मांडव, माइक, चहा. निवेदकानं सांगितलं, वाचनालयाला भरघोस ग्रंथदान करणाऱ्या कुटुंबाचा आता आपण सत्कार करणार आहोत. आणि साहेबांचा मुलगा शाल आणि श्रीफळ घ्यायला उठला.

मी आयुष्यात कधी माइकवर बोलले नाही. त्या दिवशीही माइक मिळाला नाही, पण मला त्याची गरज पडली नाही. मी खुर्चीवरून उठून म्हणाले, "हे दान नाही. यांच्या वडिलांनी आपली पुस्तकं नासवली आणि दुसऱ्याच्या मुलीवर आळ येऊ दिला. भरपाईला दान म्हणू नका. आणि सत्कार करायचाच असेल तर त्या मुलीला बोलवा, इथे, या पायरीवर, आणि तिची माफी मागा. आधी मी मागते, कारण तिच्याविरुद्ध मीही बोलले होते."

मग पुढच्या रांगेतून आजोबा उठले आणि काठी टेकत बाहेर चालू लागले. त्यांच्यामागे ग्रंथपाल बाई. त्यांच्यामागे अभ्यासिकेतली दहा-बारा मुलं. शाल तशीच घडी घालून टेबलावर राहिली. बाकीच्यांनी चहा घेतला. हेही सांगायला हवं. बहुतेकांनी चहा घेतला.

त्यानंतर मला हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही. गल्लीतल्या काही बायका मी दिसले की पलीकडच्या बाजूनं जातात. जाऊ देत. बोलावणी येत होती तेव्हा तरी काय मोठं भलं झालं होतं?

ती मुलगी पुन्हा आमच्या वाचनालयात आली नाही. दिघीला खोली घेऊन राहते असं कळलं. एका गुरुवारी सकाळी मी बस पकडून गेले. ती मैदानावर धावत होती. मला बघून थांबली, पण जवळ आली नाही, मीच गेले.

मी वाटभर बरंच काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही. "माझं चुकलं," एवढंच म्हणाले.

ती धापा टाकत होती. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाकीच्यांचं काही वाटलं नाही काकू. तुम्ही आमच्याकडच्या. तुम्ही तरी बोलाल असं वाटलं होतं."

"हो."

"मी भांडखोर आहे असं लिहून दिलं तुम्ही. हवालदारानं वाचून दाखवलं मला."

मग मी तिला सांगितलं की दुसऱ्या जबाबात मी ते मागे घेतलंय, आधीचं म्हणणं चुकीचं होतं असं सहीनिशी लिहिलंय, आणि पडताळणीच्या वेळी गरज पडली तर मी स्वतः येईन, कुठेही.

"नक्की लिहिलंय?"

"नक्की."

तिनं मान डोलावली. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मी विचारलंही नाही. "अजून चार राउंड राहिलेत," ती म्हणाली आणि धावायला गेली. मी थोडा वेळ कडेला उभी राहिले. ती माझ्या समोरून एकदा गेली, दुसऱ्यांदा गेली, पण तिनं वळून पाहिलं नाही. मग मी बस स्टॉपकडे निघाले.